तलावातलं हिरवं पाणी आणि कुत्रे: कधी घाबरायचं, काय करायचं?

दोन_शेपट्या (मुलुंड)

घरात लॅब्राडॉर आहे, ३१ किलो, पाणी दिसलं की ऐकत नाही. आणि बीगल, ११ किलो, पाण्यात पाय घालत नाही पण काठावर जे सापडेल ते तोंडात घालतो. दिवाळी उलटली की महिन्यातून दोनदा तरी पवना किंवा कर्जतच्या बाजूला जाणं होतं. एरवी पवईच्या काठानं, नाहीतर ठाण्यात उपवनला फेरी.

हिरव्या पाण्यातल्या विषानं कुत्रे दगावतात हे वाचलं, पण जे मिळतं ते सगळं परदेशातल्या तळ्यांबद्दल आणि शेवटी "शंका आली तर लांब राहा" एवढंच. आपल्याकडे कोणत्या तळ्याची शंका येत नाही? म्हणून नेमकं विचारतोय. साधं शेवाळ आणि विषारी शेवाळ काठावर उभं राहून ओळखता येतं का? कुत्रा उडी मारून मोकळा झालाच तर पुढच्या अर्ध्या तासात काय करायचं? आणि सोसायटीच्या कारंज्यातलं पाणी गेले दोन आठवडे हिरवंगार आहे. हाउसकीपिंगवाले त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकणार म्हणतायत. टाकू द्यावं का?

सूक्ष्मदर्शक

नावाचा घोळ आधी मिटवू. ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते शेवाळ नव्हेच, ते जीवाणू, सायनोबॅक्टेरिया. भातखाचरात खत म्हणून सोडतात ते ॲनाबीना आणि नॉस्टॉक याच कुळातले, स्पिरुलिनाच्या गोळ्याही याच कुळातल्या. तेव्हा कूळ सरसकट विषारी नाही. काही जाती विष करतात, आणि एकाच जातीचे विष करणारे व न करणारे वाण एकाच तळ्यात शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे पाण्याकडे बघून "हे विषारी, हे नाही" असं कोणीच सांगू शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जात कळते, विष कळत नाही. काठावर उभं राहून ठरवता येतं ते इतकंच की समोरचं हिरवं हे सायनोबॅक्टेरिया आहे की दुसरं काही. सायनोबॅक्टेरिया असेल तर विष आहे असं धरूनच चालायचं.

दुसरं काही म्हणजे काय? पवईत माजते ती जलपर्णी: जाड देठ, फुगीर बुडखे, जांभळी फुलं. ती या अर्थानं विषारी नाही. टिकलीएवढी हिरवी पानं पाण्यावर गालिचा घालतात, पान उचललं की खाली केसासारखं मूळ लोंबतं, ते डकवीड. तेही विषारी नाही. हाताला कापसाच्या ओल्या पेळूसारखं लागतं, ओढलं की तार निघते, ते तंतुमय हिरवं शेवाळ.

सायनोबॅक्टेरियाचा तवंग या तिघांसारखा दिसत नाही. कोणीतरी पोपटी ऑइलपेंटचा डबा काठाशी सांडल्यासारखा तो दिसतो. त्याच्या अगोदरची पायरी म्हणजे पाण्यात रवा पसरल्यासारखे हिरवे कण. दुधावर धरते तशी साय काठाला जमते, आणि ती वाळायला लागली की दगडांवर फिरोजी निळा, मध्येच पांढरा पट्टा उरतो. पेशी फुटून आतलं निळं रंगद्रव्य बाहेर आल्याची ती खूण आहे. तो पट्टा दिसला की मी पुढची परीक्षा करत बसत नाही. वाळलेली पापडीही विषारीच असते, कित्येक आठवडे, आणि तुमच्या बीगलला धोका तिचाच जास्त आहे.

दोन परीक्षा मात्र शिकून ठेवा. काडीची: लांब काडी तवंगात घालून उचला. काडीवरून केसांच्या बटेसारखं लोंबलं तर तंतुमय शेवाळ. काडीला रंग फासल्यासारखा लेप बसला तर सायनोबॅक्टेरिया. बरणीची: हातमोजे घालून काचेची स्वच्छ बरणी पाऊण भरा, तळाचा गाळ येऊ देऊ नका, झाकण लावून बाहेरून पुसा, बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी हिरवं वर येऊन थर झाला असेल तर सायनोबॅक्टेरियाची शक्यता मोठी, तळाला बसलं तर साधं शेवाळ. मायक्रोसिस्टिस ही आपल्या तळ्यांत नेहमी सापडणारी जात पेशीत हवेच्या सूक्ष्म पुंगळ्या बाळगते, म्हणून ती तरंगते. पण बरणीच्या परीक्षेत "पास" झालेलं पाणी सुरक्षित असं समजू नका. तळाला चिकटून वाढणाऱ्या जाती बरणीत येतच नाहीत.

वेळेचंही गणित आहे. रात्री वारा पडतो, या वसाहती वर सरकतात, आणि सकाळी सहा-सातला, म्हणजे आपण कुत्रा फिरवायला निघतो नेमकं तेव्हाच, तवंग सगळ्यात दाट असतो. दुपारनंतर मुंबईत वारा समुद्राकडून सुटतो आणि वरचं सगळं वाऱ्याच्या पुढच्या काठाला, म्हणजे बहुधा पूर्वेच्या कोपऱ्यांत, ढकलून जमा करतो. तळ्याच्या एका काठाला पाणी नितळ आणि दोनशे पावलांवर दुसऱ्या काठाला हिरवा रबडीसारखा थर, असं एकाच दिवशी दिसतं. म्हणून तळं बघायचं नसतं, कुत्रा ज्या जागी पाण्यात उतरणार तो काठ बघायचा असतो.

खाडीकाठ

पवईबद्दल एक पुरवणी. तिथल्या पाण्यात सांडपाणी येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सांडपाण्यातलं फॉस्फरस व नायट्रोजन हेच या वाढीचं खाद्य. वर निर्माल्य आणि माशांना टाकलेला पाव. पण पवईत कुत्र्याला पाण्याच्या कडेला सोडू नये याचं आणखी सरळ कारण आहे, तिथे मगरी आहेत. तेव्हा पवईत शेवाळाची परीक्षा करण्याचा प्रश्नच येत नाही, पट्टा लावून रस्त्याच्या बाजूनं चाला. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, पाळीव कुत्रा न्यायची परवानगीच नाही, तोही विषय संपला.

दोन_शेपट्या (मुलुंड)

मगरींचं मान्य, पवई बाद. पण कर्जतकडे आम्ही तळ्यावर नाही, ओढ्यावर जातो. वाहतं पाणी, खाली दगड दिसतात इतकं स्वच्छ. तिथे तरी निर्धास्त राहावं ना?

सूक्ष्मदर्शक

नाही. ओढ्यातला धोका तळ्याहून वेगळा आहे आणि माझ्या मते कुत्र्यांसाठी जास्त फसवा, कारण पाणी नितळ असतं.

ओढ्यात या जाती पाण्यात तरंगत नाहीत, दगडांवर चटई धरतात. काळपट हिरवी, तपकिरी, कधी जवळजवळ काळी, बोटानं ओरबाडली तर ओल्या चामड्यासारखी निघते. ऊन चढलं की चटईत प्राणवायूचे बुडबुडे अडकतात, ती फुगते, दगड सोडते आणि तरंगत काठाला लागते. पाणी आटलं की तशीच उघडी पडते. तिला मातीचा, ओलसर कोंदट वास येतो आणि कुत्र्यांना तो आवडतो. माणूस जे बघून नाक मुरडतो ते कुत्रा चघळतो. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या हट नदीकाठी २००५ मध्ये कुत्रे मेले ते असल्याच चटयांनी. अमेरिकेत झायन राष्ट्रीय उद्यानातल्या व्हर्जिन नदीत २०२० च्या जुलैत एक पिल्लू गेलं, तिथेही वाहतं पाणी आणि दगडावरची वाढ.

आपल्याकडे पावसाळ्यात ओढा धो धो वाहतो तेव्हा चटई टिकत नाही, खरवडून जाते. धोका सुरू होतो पाऊस थांबून धार बारीक झाली की. ऑक्टोबरचं ऊन, गुडघाभर पाणी, मध्येच साचलेले डोह. फेब्रुवारी ते मे हे डोह आटत जातात तसा तो वाढतो. म्हणून ओढ्यावर पोचल्यावर पाण्याचा रंग बघू नका. वाका, काठालगतचे चार-पाच दगड उलटून बघा, कडेला गोळा होऊन पडलेले काळपट लगदे शोधा. सापडले तर बीगलला गाडीजवळच बांधा. लॅब्राडॉर धारेच्या मध्यावर पोहेल आणि बाहेर येईल, बीगल काठावर जेवेल.

पशुसेवा_परळ

आता विषबाधा झाली तर काय दिसतं, ते सांगते. दोन चित्रं आहेत आणि त्यांची घड्याळं वेगळी चालतात.

पहिलं मज्जासंस्थेचं. ॲनाटॉक्सिन नावाचं विष स्नायूंना सतत "आकस" असा हुकूम देत राहतं. पंधरा मिनिटांत सुरू होऊ शकतं, तासाभरात बहुधा चित्र स्पष्ट होतं: मागचे पाय लटपटणं, अंगाला थरथर, ताठर चाल, मग झटके, श्वास घेता न येणं, हिरड्या निळसर. मृत्यू येतो तो श्वासाचे स्नायू थकून. याचाच एक भाऊ आहे, ग्वानिटॉक्सिन. त्यात तोंडातून लाळेच्या धारा, डोळ्यांत पाणी, आपोआप शू-शी होणं ही लक्षणं पुढे असतात. कीटकनाशकाच्या विषबाधेशी त्याचं इतकं साम्य आहे की शेताजवळ फिरलेल्या कुत्र्यात दोन्ही शंका डॉक्टरांना सांगा.

दुसरं यकृताचं. मायक्रोसिस्टिन यकृताच्या पेशींचा आतला सांगाडा मोडतं, पेशी एकमेकींना सोडतात आणि यकृतातच रक्तस्राव होतो. हे काही तासांत उलटी, जुलाब, मलूलपणा यानं सुरू होतं, आणि एक-दोन दिवसांत कावीळ, काळी शी, हिरड्यांवर रक्ताचे ठिपके. घात इथे होतो: संध्याकाळी दोन उलट्या झाल्या, रात्री कुत्रा शांत झोपला, घरचे म्हणाले "पोट बिघडलं होतं, बरं झालं". तो बरा झालेला नसतो, गळालेला असतो.

घरी बघायची एक गोष्ट. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरची हिरडी बोटानं दाबा. पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच फिकट, पिवळट किंवा निळसर असेल तर फोन करून वाट बघू नका, गाडी काढा आणि वाटेतून फोन करा. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालच्या पापणीच्या आतली बाजू बघतात.

आता काय करू नये, कारण नुकसान इथेच जास्त होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मीठ रक्तात चढतं आणि त्यानंच झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडही डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितल्याशिवाय नाही. थरथरणाऱ्या कुत्र्याची उलटी श्वासनलिकेत गेली तर एका संकटाची दोन होतात. दूध, तूप, हळद यांनी विष उतरत नाही. दुखत असेल म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणं म्हणजे मार खाल्लेल्या यकृतावर दुसरा घाव.

उतारा असा औषधात नाही. दवाखान्यात करतात तो आधार: शिरेतून सलाइन, झटक्यांना डायझेपाम, थरथर थांबवायला मेथोकार्बामॉल, साखर उतरली तर ग्लुकोज, रक्त गोठत नसेल तर के जीवनसत्त्व आणि प्लाझ्मा, श्वास दमला तर प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर. मज्जासंस्थेचं विष शरीर तुलनेनं लवकर बाहेर टाकतं, म्हणून श्वास टिकवता आला तर असे कुत्रे वाचू शकतात. वेळेत पोचण्याला इतकं महत्त्व आहे ते यासाठी.

रक्ततपासणीत एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात चढणारं विकर), बिलिरुबिन, ग्लुकोज आणि रक्त गोठण्याची वेळ मागा. पहिली एएलटी चांगली आली म्हणून हायसं वाटून घेऊ नका. ती चढायला तास लागतात. बारा ते चोवीस तासांनी आणि पुन्हा ४८ तासांनी करून घ्या.

खाडीकाठ

परळचं बैल-घोडा हॉस्पिटल आणि महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय, दोन्हीकडे आधी फोन करून "संशयित विषबाधा, इतक्या मिनिटांत पोचतोय" सांगितलं तर तयारी करून ठेवता येते. पण हे मुंबईत असताना. पवन्याच्या काठावरून परळला येण्यात अडीच तास जातात, घाटात अडकलं तर किती ते सांगायला नको. तिथे मुंबई विसरा. लोणावळा किंवा पिंपरी-चिंचवडच्या बाजूचा रात्री उघडा असणारा एक पशुवैद्य निघण्याआधी शोधून त्याचा नंबर मोबाइलवर नाही, कागदावर गाडीत ठेवा. तळ्याकाठी रेंज जाते.

दोन_शेपट्या (मुलुंड)

पशुसेवाताई, लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) काय? आमच्या डॉक्टरांनी मागे पावसाळ्यात "मुंबईत कुत्र्याला कावीळ म्हणजे आधी लेप्टो बघतो" असं म्हटलं होतं. दोन्हीत फरक कसा कळायचा?

पशुसेवा_परळ

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. खरं सांगायचं तर मुंबईच्या कुत्र्याला साचलेल्या पाण्यातून आजार होण्याची मोठी शक्यता लेप्टोचीच, शेवाळाची नव्हे. उंदरांची लघवी, तुंबलेलं पाणी, पंजाला छोटी चीर, एवढं पुरतं.

घड्याळ बघा. शेवाळाचं विष मिनिटांत ते एक-दोन दिवसांत बोलतं. लेप्टो पाण्यात गेल्यावर साधारण आठवडाभरानं, कधी थोडं आधी, कधी उशिरा. लेप्टोत ताप असतो, अंग दुखतं, आणि यकृताबरोबर मूत्रपिंड बसतं, म्हणून क्रिएटिनिन चढलेलं सापडतं. विषबाधेत सुरुवातीला ताप नसतो. खात्रीसाठी पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर, नंतर लघवीची, आणि अँटिबॉडीची चाचणी दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. शंका असेल तर डॉक्टर निकालाची वाट न बघता डॉक्सीसायक्लिनसारखं प्रतिजैविक सुरू करतात. लेप्टो माणसाला होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. लस दरवर्षी. मुंबईत शक्यतो पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मे महिन्यात पडेल अशी आखा. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा लागतात, आणि लसीत नसलेल्या उपप्रकारांपासून ती राखत नाही.

आणखी एक सोंग सांगून ठेवते, कारण तुमच्याकडे लॅब्राडॉर आहे. तासभर पाण्यात बॉल आणायला लावलेला कुत्रा दर खेपेला उघड्या तोंडानं बॉल पकडताना घोट घोट पाणी गिळतो. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि कुत्रा लटपटतो, ओकतो, पोट तट्ट फुगतं, झटके येतात. पाणी अगदी पिण्याचं असलं तरी. म्हणून दवाखान्यात "किती वेळ पोहला, बॉल होता का" हे न विचारता सांगा. उपचाराची दिशा बदलते.

गाडीत_टॉवेल

बाकीच्यांनी विषाचं सांगितलं. मी बादलीचं सांगतो, कारण बहुतेक कुत्र्यांच्या पोटात विष पाणी पिऊन जेवढं जातं तेवढंच, कधी जास्त, अंग चाटून जातं. दाट केसांत तवंग अडकतो, कुत्रा गाडीत बसतो, आणि मुलुंड येईपर्यंत पंजे, पोट, शेपूट चाटून साफ करतो. तवंग म्हणजे तळ्यातल्या पाण्याचा अर्क. एका लॅब्राडॉरच्या अंगावर तो किती मावत असेल याचा विचार करा.

गाडीत वीस लिटरचा कॅन घरच्या नळाच्या पाण्यानं भरून ठेवा. पिण्याचं वेगळं: कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मि.ली. लागतं, उन्हात पळाला तर त्याहून बरंच जास्त. तुमच्या दोघांना मिळून अर्ध्या दिवसाला तीन लिटर न्या आणि तळ्यावर पोचायच्या आधी, गाडीतच, पोटभर पाजा. तहानलेला कुत्रा पाण्यात उतरला की पोहत नाही, पितो. सगळ्या खबरदारीत ही सर्वांत स्वस्त आणि लोक नेमकी हीच विसरतात.

कुत्रा तवंगातून बाहेर आला की अंग झटकायच्या आत, नाहीतर झटकल्यावर लगेच, कोन लावा. दवाखान्यात टाके चाटू नयेत म्हणून मिळतो तोच प्लास्टिकचा. तो नसेल तर एकानं तोंड धरावं. स्वतः नायट्राइलचे हातमोजे. पट्टा, हार्नेस काढून वेगळ्या पिशवीत, त्याच्या पट्ट्याखाली सगळ्यात जास्त अडकतं. मग पाणी वरून खाली ओता, डोक्यापासून शेपटीकडे, बोटांनी केस उलटे करत. लॅब्राडॉरला आत दाट लोकर असते, वरून भिजला तरी ती कोरडी किंवा तळ्याच्याच पाण्यानं ओली राहते, तिच्यात पाणी पोचायला हवं. काखा, जांघा, कानाच्या मागची घडी, शेपटीचा बुडखा, आणि प्रत्येक पंजा बोटं फाकवून. बीगलच्या कानांची टोकं काठावर लोळतात, ती आणि तोंडाकडची लोंबती कातडी आतून पुसा. पंजासाठी एक-एक मग वेगळा. वीस लिटरपैकी पंधरा लॅब्राडॉरवर जातात, उरलेले बीगलला.

मग टॉवेल, घरी गेल्यावर कुत्र्याच्या शाम्पूनं पुन्हा अंघोळ, आणि केस वाळेपर्यंत कोन काढायचा नाही. टॉवेल वेगळा धुवा. ओले पुसणारे टिश्यू नुसते पसरवतात, त्यावर विसंबू नका.

पुढचे दोन तास लक्ष, त्या रात्री दोनदा हिरड्या. हे सगळं फक्त कुत्रा तवंगातून गेला असेल तेव्हा. प्रत्येक डबक्यानंतर कोन लावलात तर कुत्रा आणि बायको दोघंही पिकनिकला यायचं बंद करतील.

सूक्ष्मदर्शक

"पाणी उकळून दिलं तर चालतं ना" हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून आधीच: नाही. उकळल्यानं मायक्रोसिस्टिन जात नाही. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की दाट होतं.

दोन_शेपट्या (मुलुंड)

नोंदवलं. कारंजं राहिलं. सोसायटीची मीटिंग रविवारी आहे.

टाकी_पंप

मोरचूद टाकू देऊ नका. निदान पाणी आहे तसं ठेवून तर नाहीच.

मोरचूद शेवाळ मारतं, हे खरं. पण मारतं म्हणजे पेशी फोडतं. जे विष पेशीत बंद होतं ते एका दिवसात सगळ्या पाण्यात विरघळतं. पाणी नितळ दिसायला लागतं, वॉचमन खुश, आणि पुढचे कित्येक दिवस ते हिरव्या पाण्यापेक्षा वाईट असतं. आता तर कोणाला बघून शंकाही येणार नाही. कारंज्यात मासे असतील तर ते तांब्यानं मरतील ते वेगळंच. सोसायटीतली मांजरं आणि कावळे तेच पाणी पितात.

असं करा. पंप बंद करा, तुषार उडवत ठेवू नका, ते नाकात जातात. कुत्री, मांजरं, मुलं येऊ नयेत म्हणून दोरी बांधा. मासे असतील तर आधी साध्या, क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात हलवा. पाणी बादल्यांनी किंवा सबमर्सिबल पंपानं थेट सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडा, बागेत किंवा पावसाच्या उघड्या गटारात नाही. तळाचा थर ओला असतानाच खरवडा. वाळू दिलात तर पूड उडते. काथ्याचा ब्रश, रबरी हातमोजे, मास्क. प्रेशर जेट वापरायचा मोह होतो, तो टाळा, कारण त्यानंही तुषार होतात. खरवडलेला गाळ दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात.

पुन्हा भरल्यावर क्लोरीन. अर्धा मि.ग्रॅ. प्रति लिटर मोकळं क्लोरीन अर्धा तास टिकलं आणि पाण्याचा सामू (पीएच) आठच्या खाली असला तर उरलंसुरलं मायक्रोसिस्टिन मोडतं. जलतरण तलावाच्या चाचणी-किटनं हे मोजता येतं. क्लोरीन ॲनाटॉक्सिनवर मात्र फारसं चालत नाही, म्हणून खरवडणं आणि पाणी बदलणं हे खरं काम, क्लोरीन ही वरची फोडणी.

आणि पाणी हिरवं का झालं ते बघितलं नाही तर तीन आठवड्यांत पुन्हा तेच. बहुतेक सोसायट्यांत तीन कारणं असतात: माशांना प्रत्येक मजल्यावरून वेगळं खाणं, लॉनला घातलेलं खत पाणी देताना वाहून कारंज्यात येणं, आणि वीज वाचवायला पंप दिवसातून एकच तास चालवणं. खताच्या वाफ्याला कारंज्याच्या बाजूनं चार इंच उंच कड घाला, पंप सकाळ-संध्याकाळ मिळून किमान सहा तास चालवा, दुपारच्या उन्हात शेड नेट, आणि पंधरा दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला. मीटिंगमध्ये "विष" शब्द वापरलात तर सेक्रेटरी कारंजंच बुजवायला काढतील. "पंपाचं वेळापत्रक" म्हणा.

खाडीकाठ

गच्चीवरच्या कमळाच्या कुंड्यांनाही हेच लागू आहे. कुत्रा गच्चीवर मोकळा फिरत असेल तर कुंडीवर जाळी.

दोन_शेपट्या (मुलुंड)

पंपाचं वेळापत्रक, कळलं. शेवटचं. कुत्रा आजारी पडलाच तर पाण्याचा नमुना घ्यायचा असतो का, कसा?

सूक्ष्मदर्शक

घ्या, पण कुत्रा आधी दवाखान्यात पोचवा. नमुन्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी तिथे थांबवा.

दोन बाटल्या. एक विषाच्या चाचणीसाठी: काचेची, गडद रंगाची, नसेल तर काळ्या कागदात गुंडाळलेली, अर्धा लिटर, काहीही न मिसळता. बर्फाच्या डब्यात, पण गोठू न देता. दुसरी सूक्ष्मदर्शकासाठी: ५० मि.ली. पुरे, त्यात लुगोल आयोडीनचे थेंब घाला, पाणी फिकट चहाच्या रंगाचं होईपर्यंत. त्यानं पेशी टिकतात, पण विषाची चाचणी बिघडते, म्हणून एकाच बाटलीत दोन्ही कामं नाहीत. तवंग किंवा चटई जिथे कुत्र्यानं तोंड घातलं नेमकी तिथली, मधल्या नितळ पाण्याची नाही. लेबलवर तारीख, वेळ, जागा. काठाचा फोटो काढताना कडेला चावी किंवा नाणं ठेवा, आकार कळतो. कुत्रा ओकला असेल तर ते झिप पिशवीत वेगळं. कधी कधी निदान तिथेच होतं, कारण उलटीत हिरवे धागे किंवा काळी चटई डोळ्यांना दिसते.

दुसरी बाटली कोणत्याही कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात चारशेपट भिंगाखाली दहा मिनिटांत बघून होते. बाजारात मायक्रोसिस्टिनच्या पट्ट्या मिळतात, त्या फक्त मायक्रोसिस्टिनच ओळखतात. पट्टी कोरी आली आणि कुत्रा थरथरत असेल तर विश्वास कुत्र्यावर ठेवा.

पशुसेवा_परळ

आणि ओकलेलं घेऊन येताना पिशवी रिसेप्शनवर देऊ नका. थेट डॉक्टरांच्या हातात, तोंडानं सांगून. तिथून ती साफसफाईत गेली तर परत मिळत नाही.